हललेला फोटो

फोटोबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला आणि बटण दाबलं.

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा पाहिला. घड्याळाचे आकडे एकमेकांत मिसळले होते आणि मिनिटकाट्याला जुळा भाऊ झाला होता.

"हललाय," तो म्हणाला.

हा शब्द फोटोबाईंचा होता. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या एक्स-रेच्या खोलीत गेली बत्तीस वर्षं तो त्याच म्हणत आल्या होत्या. कुणाची छाती, कुणाचं मनगट, कुणाचा गुडघा, चित्र पुसट आलं की त्या म्हणायच्या, "हललाय. परत काढावा लागेल." आणि पेशंट परीक्षेत नापास झाल्यासारखा ओशाळायचा. एक्स-रेला लोक फोटोच म्हणतात, त्यामुळे इस्पितळात झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना फोटोबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

"मी मुद्दामच हलवला," त्या म्हणाल्या.

"मुद्दाम?"

"कॅमेरा माझ्यासाठी नाहीये. माझ्या थोरल्या बहिणीसाठी आहे. तिचा उजवा हात जरा हलतो. म्हणून म्हटलं, हलवून बघावं."

थाप इतकी सफाईनं बाहेर पडली की फोटोबाईंना स्वतःचंच नवल वाटलं. मारायचीच होती तर एखाद्या लांबच्या मावशीवर मारावी; पण तोंडून ताईच निघाली. लहानपणी फुटलेल्या बरणीपासून हरवलेल्या छत्रीपर्यंत सगळं ताईच्या नावावर खपवायची सवय होती, आणि ताईही पापणी न हलवता "हो, मीच" म्हणून मोकळी व्हायची. जित्याची खोड साठीला आली तरी जात नाही, हेच खरं.

"अहो, मग आधी सांगायचं ना!" दुकानदार म्हणाला. "मी आपला तासभर या नव्या मालाची आरती ओवाळतोय." त्यानं तो चकचकीत कॅमेरा खोक्यात घातला आणि खाली वाकून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू वर काढली. "हा बघा. वापरलेला आहे. एका बातमीदाराचा. रूपावर जाऊ नका, गुण आहे."

रूप खरोखरच बेताचं होतं. तळाला ओरखडे होते आणि मुठीवरचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं.

"सगळे पैसे नव्या बॉडीत घालतात आणि लेन्सच्या वाट्याला वाटाण्याच्या अक्षता," दुकानदार बोलत राहिला. "तुम्ही सांगितलेल्या रकमेत नवा घेतलात तर सोबतच्या साध्या लेन्सवर भागवावं लागेल. हा घेतलात तर चांगली लेन्स बसते. वजनही बेताचं. प्रवासाला जड कॅमेरा नेणारी माणसं तिसऱ्या दिवसापासून तो खोलीवर ठेवून फिरतात, मी बघितलंय. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. याच्या आतला सेन्सर झोपाळ्यावर बसवल्यासारखा आहे. तुमचा हात डावीकडे गेला की तो उजवीकडे सरकतो. हाताची चूक पोटात घालतो म्हणा ना."

"पूर्ण?"

"बऱ्यापैकी. पण लक्षात ठेवा, काढणाऱ्याचा हात हलला तर. समोरचाच हलला तर मग कुणाच्या बापाचं काही चालत नाही."

"ते मला माहीत आहे," फोटोबाई म्हणाल्या. एवढं एक मात्र त्या खरं बोलल्या.

दुकानदारानं कॅमेरा पुढे केला. फोटोबाईंनी पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरला. हा शेवटचा होता. यावरही तो माणूस "हललाय" म्हणाला, तर पुढे काहीच नव्हतं.

"मी कशाला? तीच बघेल," त्या म्हणाल्या.

"हे बरोबर बोललात. ताईंनाच घेऊन या. हात कसा हलतो त्यावर सगळं आहे. बारीक थरथर असेल तर हा सांभाळेल. जास्त असेल तर स्पष्ट सांगेन, घेऊ नका. शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो. एक कॉलेजातली मुलगी रोज येऊन विचारतेय, पण तुमचा शब्द आधी."

फोटोबाई दुकानाबाहेर आल्या तेव्हा त्यांनी शब्द दिलेला होता. कसला दिला, ते फुटपाथवर उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

ही हाताची गोष्ट सुरू होऊन तीन महिने झाले होते. एका दुपारी रिपोर्टचा लिफाफा समोरच्या बाईंना देताना तो कागद आपोआप फडफडला. खिडकी बंद होती. फोटोबाईंनी पंख्याकडे पाहिलं, पंखाही बंद होता. मग त्यांनी लिफाफा डाव्या हातात घेतला, आणि तेव्हापासून उजवा हात एप्रनच्या खिशात राहायला गेला.

कामात कुणाला काही कळलं नाही. यंत्र हलत नाही, हलतो तो पेशंट. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." बटण डाव्या बोटानंही दाबता येतं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. तेवढे दिवस खिसा पुरला असता. रात्री मात्र पांघरुणाखाली तो हात आपला आपण काहीतरी करत असायचा, आणि फोटोबाई दुसऱ्याच कुणाचं बघावं तसं त्याच्याकडे बघत पडायच्या.

त्या रोगाचं नाव त्यांना ठाऊक होतं. इस्पितळात जन्म गेल्यावर ठाऊक नसायला काय झालं! मेंदूच्या डॉक्टरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. त्यांच्याकडे जाणारी माणसं कशी चालतात, हात कसे अंगाशी धरतात, हे फोटोबाईंनी जिन्याखालून कित्येकदा पाहिलं होतं. स्वतः त्या दोनदा निघाल्या होत्या. पहिल्यांदा अकरा पायऱ्या चढून परत फिरल्या, दुसऱ्यांदा सात. नाव मनातसुद्धा घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि असं ठरवलं की ते नाव दिवसातून वीस वेळा येतं.

कॅमेरा मात्र ही थरथर यायच्या आधीपासून ठरलेला होता. दोघी बहिणींच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. एक तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि तळ्याच्या काठी एक बाक. बाकावर कुणीही नाही. लहानपणी ताई म्हणायची, "मी इथं बसणार, आणि तू माझा फोटो काढणार." त्यानंतर तिची शाळेतली शिवणाची नोकरी, फोटोबाईंचं इस्पितळ, आईचं आजारपण, ताईचा गुडघा, असं करत करत पन्नासेक वर्षं निघून गेली आणि बाक रिकामा तो रिकामाच राहिला. आता तिकिटं काढली होती. पाच आठवड्यांनी निघायचं होतं.

चुलत बहिणीची मुलगी, म्हणजे भाची, म्हणाली होती, "मावशी, फोनवर काढ ना, कशाला उगाच खर्च?" फोटोबाईंनी फोनवर काढून पाहिले. बाल्कनीतली कुंडी, समोरची गच्ची, वाळत घातलेली चादर. सगळं थरथरलेलं. ते त्यांनी एकेक करून पुसून टाकले आणि भाचीला सांगितलं की आयुष्यात एकदा तरी खरा कॅमेरा घेणार, माझी हौस आहे. हौस होतीच. हजारो लोकांचे फोटो काढले, पण कुणालाही चेहरा नव्हता. नुसत्या बरगड्या आणि मणके. एक तरी चेहऱ्याचा काढायचा होता, आणि तो ताईचा. तो हलता कामा नये, एवढीच त्यांची अट होती. देवाजवळ किंवा दुकानदाराजवळ, जो ऐकेल त्याच्याजवळ.

त्या घरी आल्या तेव्हा ताई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टीप घालत होती. चौसष्टाव्या वर्षीही ताईचा टाका आगगाडीच्या रुळासारखा सरळ पडायचा. तिनं सुई अभ्र्यात खोचून ठेवली, आत गेली आणि चहा घेऊन आली. कप अर्धा.

"ताई, दूध महागलंय का गं?"

"का?"

"हल्ली अर्धाच कप मिळतो मला."

"भरला की सांडतो. मग पुसत बसा. संपव तो, उरलेला अर्धा देते." ताई समोर बसली. "काय झालं कॅमेऱ्याचं?"

"एक आहे. बघू."

"बघू काय? पसंत पडला की नाही?"

"वापरलेला आहे. ओरखडे आहेत."

"आपल्यावर काय कमी आहेत?" ताई म्हणाली. "शनिवारी मी येते बरोबर."

फोटोबाईंनी कप खाली ठेवला. "तू कशाला? तुझा गुडघा. तिथं पायऱ्या आहेत."

"किती?"

"दोन."

"दोन पायऱ्यांना गुडघा काय करतोय! फोटो माझा निघणार, नाक माझं. वाईट आलं तर जन्मभर बघत मला बसायचंय. मी येणार."

ताईनं एकदा "येणार" म्हटलं की विषय संपायचा. शाळेत तपासनीस आले तरी ती शिवणाचा तास सोडायची नाही, त्यांनाच बाकावर बसवून ठेवायची.

पुढचे तीन दिवस फोटोबाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. ताईला आधीच सांगून टाकावं, की मी तिथं तुझं नाव सांगितलं. का सांगितलं, असं ती विचारणार. मग हात खिशातून काढावा लागणार. दुकानदाराला फोन करून सांगावं, की ताईसमोर हाताचं काही काढू नका, तिला वाईट वाटतं. हे बरं होतं. फोटोबाईंनी दोनदा नंबर लावला आणि दोनदा घंटी वाजायच्या आत कापला. शेवटी ठरलं ते असं, की ताई गुडघ्यामुळे सावकाश चालते. आपण चार पावलं पुढे व्हायचं, आत शिरायचं आणि ती यायच्या आत दुकानदाराच्या कानावर घालायचं. मिनिटभर मिळालं तरी पुरे.

पण शनिवारी ताईच्या गुडघ्यात काय संचारलं होतं कोण जाणे. ती फोटोबाईंच्या बरोबरीनं चालत होती, किंबहुना अर्धं पाऊल पुढेच. फोटोबाईंनी चाल वाढवली की तीही वाढवायची.

"कुठं आग लागलीय का?" ताईनं विचारलं.

"दुकान बंद होईल."

"सकाळी साडेदहाला?"

आणि दुकानदार नेमका दारातच उभा होता. हातात चहाचा ग्लास, चष्मा कपाळावर. त्यानं दोघींना पाहिलं आणि लांबूनच हसला.

"याच ना तुमच्या ताई? या ताई, या, सांभाळून, दोन पायऱ्या आहेत. तुमचीच वाट बघत होतो. बसा. आता आधी तुमचा हात दाखवा बघू."

फोटोबाईंना वाटलं, आता ताई विचारणार, "माझा हात? माझ्या हाताला काय झालंय?" मग हा माणूस त्यांच्याकडे बघणार, ताई त्यांच्याकडे बघणार, आणि कुणीतरी म्हणणार, मग तुम्हीच दाखवा. त्यांनी उजव्या हाताची मूठ पर्सच्या आत घातली.

ताईनं दुकानदाराकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं, फार वेळ नाही, सुईच्या नेढ्यात बघावं तेवढंच. तिनं पिशवी खुर्चीला अडकवली, रुमाल आत ठेवला, आणि उजवा हात काउंटरच्या काचेवर ठेवला.

हात स्थिर होता. शिवणकामानं जून झालेल्या बोटांचा, नेहमीचा, ताईचा हात. क्षणभर तो तसाच राहिला. मग अंगठा पहिल्या बोटावर हलकेच फिरायला लागला, जणू दोघांमध्ये दोऱ्याचं टोक आहे आणि ते पिळून सुईत घालायचंय. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. पाठोपाठ मनगट. मध्येच क्षणभर थांबा, आणि पुन्हा अंगठा.

फोटोबाई बघत राहिल्या. असा हात जगात एकच होता. तो पांघरुणाखाली असायचा, खिशात असायचा, आणि आपल्याशिवाय तो कुणी पाहिलेला नाही अशी त्यांची खात्री होती.

"हं," दुकानदार वाकून बघत म्हणाला. "बारीक आहे. ठेवलेला असताना जास्त होतो का?"

"हो," ताई म्हणाली. "वर धरला की आधी गुमान राहतो. दहा मोजेपर्यंत. मग सुरू होतो."

"कधीपासून म्हणायचं?"

"पाच महिने झाले."

तीन, असं फोटोबाईंच्या ओठांवर आलं होतं. मग त्यांनी मनाशी मागं मोजलं. चहाचा कप अर्धा कधीपासून यायला लागला ते आठवलं. सुया आधीच ओवून ठेवलेल्या असायच्या, बरण्यांची झाकणं सैल करून ठेवलेली असायची, आणि त्या मात्र ताईला चिक्कू म्हणत होत्या. त्यांनी काउंटरची कड धरली.

"डॉक्टरांना दाखवलंत?" दुकानदारानं विचारलं.

"नाही."

"अहो ताई, दाखवायला नको? माझ्या सासऱ्यांचं अस्संच होतं. गोळ्या सुरू केल्या, आता रोज पत्ते पिसतात. हरले की भांडतात, त्याला काही औषध मिळालं नाही अजून."

"भीती वाटते," ताई म्हणाली.

ताईला भीती वाटते हे वाक्य फोटोबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

"भीती कसली त्यात?"

"आहे खरी. एकटीनं जिना चढवत नाही," ताई काचेखालच्या लेन्सकडे बघत म्हणाली. "बरोबर कुणी आलं तर जाईन."

"मग या आहेत की! काय हो, धाकट्या बहिणीनं एवढंही करायचं नाही?"

ताईनं मान वर केली नाही. "येशील का गं?" तिनं विचारलं.

फोटोबाईंनी काउंटरची कड सोडली.

"येईन," त्या म्हणाल्या.

"मंगळवारी?"

"मंगळवारी."

"झालं तर मग," दुकानदार म्हणाला. आपल्या दुकानात कॅमेऱ्याखेरीज आणखीही काही ठरलं, याचं त्याला समाधान वाटलेलं दिसलं. त्यानं पिवळं फडकं सोडलं. "आता परीक्षा घेऊ. मुद्दाम मंद गतीवर ठेवतो, म्हणजे जरा हात हलला तरी फोटोत दिसतो, लबाडी चालायची नाही. घ्या ताई, धरा. काढा यांचा."

ताईनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. हात हलवत वर नेला, डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. दुकानदारानं पडदा पाहिला आणि काउंटरवर थाप मारली.

"बघा! एवढ्या थरथरीत काढलेला! पापण्या मोजून घ्या!"

फोटोबाईंनी पाहिलं. पडद्यावर त्यांचा स्वतःचा चेहरा होता, घाबरलेला, कडेपासून कडेपर्यंत रेखीव. त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. ऐन बटणाच्या वेळी ताईचा हात दगडासारखा होता हे त्यांना दिसलं होतं. ज्या हातानं सरळ टीप पडते, त्याच हातानं काढलेला फोटो होता तो. कॅमेरा काय करू शकतो ते अजून कुणालाच कळलं नव्हतं.

"बांधून देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"थांबा," ताई म्हणाली. "हिलाही काढू द्या एक. मी दमले की हीच काढणार ना." ती उठली आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोंसाठी ठेवलेल्या स्टुलावर, पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन बसली. पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवले. "इथं बाक आहे असं समज," ती म्हणाली.

नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. फोटोबाईंनी पर्समधून उजवा हात बाहेर काढला. कॅमेरा वाटला होता त्यापेक्षा हलका होता. सुटलेलं रबर नेमकं तळव्याखाली येत होतं. त्यांनी तो वर उचलला, आणि छोट्याशा खिडकीत ताई दिसली. जन्मापासून रोज बघितलेली बाई अशी एका चौकटीत बसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

एक, दोन, तीन. ताईचा चेहरा चौकटीच्या मध्यावर आणायचा होता. चार, पाच. कानाजवळचे पांढरे केस. सहा. बटण कुठं आहे? सात, आठ. नऊ. आणि मग तो आला, ठरल्या वेळी, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. चौकट थरथरायला लागली.

"श्वास घ्या," फोटोबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षांची जीभ आपली आपण चालली. "रोखा. हलू नका."

"मला अहो-जाहो कधीपासून?" ताई म्हणाली, पण तिनं श्वास रोखला.

फोटोबाईंनी बटण दाबलं.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. पडदा बघायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी तो तसाच दुकानदारापुढे धरला. त्यानं चष्मा ओढला, पाहिलं, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिलं.

"चेहरा पक्का आलाय," तो म्हणाला. "अगदी पक्का."

मग फोटोबाईंनी पाहिलं. ताईच्या कपाळावरच्या तीन आठ्या, चष्म्याच्या दांडीवर तिनं बांधलेला निळा दोरा, ओठाच्या कोपऱ्यात अडकून राहिलेलं हसू, मागच्या पडद्याच्या कड्यासुद्धा एकेक दिसत होत्या. खाली मांडीवर डावा हातही स्पष्ट होता. फक्त उजवा हात नव्हता. त्या जागी एक पुसट, फिकट धुरासारखं काहीतरी होतं.

"हात मात्र हललाय," दुकानदार म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? समोरचा हलला की इलाज नाही. ताई, हात जरा दाबून धरा हं, मांडीखाली घेतलात तरी चालेल. परत काढू."

हललेला फोटो फोटोबाईंनी कधी खोलीबाहेर जाऊ दिला नव्हता. पेशंट कण्हत असला तरी परत झोपवायच्या. मोठे डॉक्टर घाईत असले तरी त्यांना थांबवायच्या.

"नको," त्या म्हणाल्या. "हाच राहू दे."

"अहो, पण हात..."

"राहू दे म्हटलं ना."

ताई अजून स्टुलावरच होती. मांडीवरचा तिचा हात अजून हलत होता. कुणी बघत असो वा नसो, अंगठा बोटावर फिरतच होता. घेतलेला श्वासही तिनं तसाच धरून ठेवला होता, गाल फुगवून, कारण शेवटचा शब्द म्हणायला फोटोबाई विसरल्या होत्या.

फोटोबाईंनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. त्या पांढऱ्या पडद्यापाशी गेल्या आणि आपला उजवा हात ताईच्या हातावर ठेवला.

"सोड आता, ताई," त्या म्हणाल्या.

ताईनं श्वास सोडला. तिचा हात थांबला. वरचा तेवढा हलत राहिला, आणि फोटोबाईंनी तो लपवला नाही.

दुकानदारानं एकदा त्या दोन हातांकडे पाहिलं. मग तो खाली वाकला, खणातून कॅमेऱ्याचा पट्टा काढला, आणि काही न विचारता फोटोबाईंच्या मापाचा करायला घेतला.